कौसामावशीची सही

कौसामावशी, तुला जाऊन पंचवीस दिवस झाले. तुझ्या जागी एक नवीन मुलगी आली आहे. ती गप्प राहून फरशी पुसते. तू पुसायचीस तेव्हा अर्ध्या दवाखान्याचा उद्धार करत पुसायचीस. ओल्या फरशीवरून चपला घालून गेलेल्या डॉक्टरांनाही तू सोडलं नव्हतंस. "सायेब, तुमची आई न्हाई आली पुसायला, मी हाय," असं त्यांच्या तोंडावर म्हणालीस आणि ते बिचारे दारापर्यंत परत जाऊन चपला काढून आले. नव्या मुलीची फरशी स्वच्छ असते, पण वाळेपर्यंत कोणी थांबत नाही.

तुझी शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. एकजण तर तुला 'मनमिळाऊ' म्हणाला आणि मला भर सभेत हसू आवरेना. तू खवट होतीस, मावशी. बाळंतिणींच्या सासवांशी भांडायचीस, मिश्री लावून फिनेलच्या कॅनशेजारी फतकल मारून बसायचीस, आणि दवाखान्यातली कुठलीही गोष्ट दुपारपर्यंत गावभर करायचीस. मीही काही साखरेची नाही. माझ्यामागे मला सगळे 'लवंगी मिरची' म्हणतात हे तूच मला सांगितलंस, आणि ते नाव तूच ठेवलं असणार याची मला खात्री आहे. म्हणून आपलं जमलं. मी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, तू वॉर्डाची मावशी. तू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तरी मी तुला अगं-तुगं करायची आणि तू मला 'तुमी, सिस्टर'. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईला कोणी अहो म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. आता मेल्यावर तुला अहो-जाहो केलं तर तूच म्हणशील, सिस्टरला ताप आला वाटतं.

आपलं एकच भांडण मिटायचं राहिलं. तुझ्या सहीचं.

कामाला लागलीस तेव्हा तू अंगठा लावायचीस. तुझी रूपाली नववीत गेली आणि तिने तुला अक्षरं शिकवली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तू वही गिरवायचीस. आणि तुला सही यायला लागली त्याच वर्षी आपल्याकडे हजेरीचं मशीन आलं. त्याला अंगठाच लागायचा. "म्या एवडं शिकले, आन् ह्ये मेलं अंगठाच मागतंय," म्हणून तू त्या मशीनवर फडकं आपटलंस. मग तुला सही करायला उरले फुटकळ कागद. साबण मिळाल्याची यादी, साडी मिळाल्याची यादी, प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक. त्या कागदांसाठी तू हात धुवून यायचीस. पदराला पुसायचीस, जीभ दातांत धरायचीस, एकेक अक्षर कोरायचीस, आणि शेवटी श्वास रोखून वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचीस. तुझ्यामागे रांग खोळंबलेली असायची.

मला तेवढा धीर कुठला? यादीत माझ्या नावाखालीच तुझं नाव असायचं. मी एक झटका माझा मारायची, एक तुझा. कागद पुढे. आधी एकदा केली, मग सवय लागली, मग कागद तुझ्यापर्यंत येईनासाच झाला. एकदा तू मला रंगेहाथ पकडलंस.

"सिस्टर, माझी सही मला करू द्या की. मी काय मेली हाय व्हय?"

"मावशी, तुझी सही होईपर्यंत माणूस मरेल," मी म्हणाले. सगळे हसले. तूही हसलीस, पण नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

उन्हाळ्याच्या तोंडावर तालुक्याहून माणसं आली, गोचीड तापाचं प्रशिक्षण द्यायला. कागदोपत्री त्याला काँगो ताप म्हणतात. जनावराच्या अंगावरची गोचीड चावली किंवा नखाने फोडली की होतो, आणि ज्याला झाला त्याच्या रक्ताला हात लागला तरी होतो. मग अंगातून रक्त जायला लागतं. हे सगळं मला आता पाठ आहे. त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसून मोबाईलवर मुलाच्या शाळेचे मेसेज वाचत होते. मावश्यांना आत बोलावलंच नव्हतं. तू चहाचा ट्रे घेऊन दारात आलीस तेव्हा पडद्यावर ताटाएवढी गोचीड होती.

"आगं बया, ही तर आमच्या शेळीच्या कानातली!"

केवढा हशा पिकला. शिकवणारे साहेबही हसले. "मावशी, चहा ठेव आणि जा, बाळंतिणीच्या खोलीची फरशी राहिलीय," मी म्हणाले. तू गेलीस. हजेरीपत्रक आलं, मी दोन झटके मारले. तुझं प्रशिक्षण झालं.

पुढे दीड-दोन महिन्यांनी तो आला. खर्ड्याच्या बाजूचा, शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री करणारा, तिशीतला गडी. ताप, डोळे लालभडक, हिरड्यांतून रक्त. प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टर म्हणाले डेंग्यू असावा, मीही मान डोलावली. आपल्याकडे रक्तात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू, एवढीच आमची अक्कल. तू त्याचं तोंड पुसायला बसलीस आणि दोन मिनिटांत उठून माझ्याकडे आलीस.

"सिस्टर, ह्यो डेंगू न्हाई. त्याच्या नखात बगा, गोचीड फोडल्याचा काळा डाग हाय. आमच्या गावात जनावराच्या डाक्टरनं बजावलंय, गोचीड हातानं फोडू नका, लई वंगाळ ताप येतो."

"आता तू निदान करणार का?"

"न्हाई करत. पन मग मला कपाटातला पांढरा झगा द्या, आन् ते जाड हातमोजे. ह्याचं रगात मी उगड्या हातानं पुसनार न्हाई."

कपाटात कोरोनाच्या वेळचे झगे होते, न फोडलेले. कोणी तपासणीला आलं की ते मोजून दाखवावे लागायचे, म्हणून ते कोणी घालत नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मी तुला म्हणाले, "लेखी दे."

मावशी, 'लेखी दे' म्हणजे काय हे आपल्या दवाखान्यात कुत्र्यालाही ठाऊक आहे. पंखा बंद पडला, लेखी दे. नळ गळतोय, लेखी दे. 'नाही' म्हणायचा वाईटपणा नको म्हणून आम्ही 'लेखी दे' म्हणतो. समोरचा समजतो आणि जातो. तू समजली नाहीस. सही यायला लागल्यापासून कोणी तुझ्याकडे काही लेखी मागितलंच नव्हतं, तुझा चेहरा चक्क उजळला. तेवढ्यात त्या माणसाला रक्ताची उलटी झाली. तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, मग माझ्या कमरेच्या किल्लीकडे. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. तू गेलीस आणि फडक्याने सगळं पुसून काढलंस. फिनेलने तुझ्या बोटांना बाराही महिने भेगा असायच्या. रक्त त्या भेगांतून आत गेलं असणार. दुपारी त्याला नगरला पाठवलं. तिथे तो दुसऱ्या दिवशी दगावला.

आणि दुसऱ्या दिवशी तू अर्ज घेऊन आलीस, दोन प्रती. मजकूर रूपालीच्या अक्षरात, 'आजारी माणसाचे रक्त साफ करण्यासाठी झगा व हातमोजे मिळावेत.' खाली तुझी सही, रेघेसकट.

"एक तुमच्यापाशी ठिवा. आन् एकीवर पोच द्या. रूपाली म्हनली, लेखी दिलं की पोच घ्यायची."

"माझ्याकडे पोच मागतेस? पेशंट गेला की नगरला. आता कशाला झगा?"

मी पोच दिली नाही. तुझी प्रत तू घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलीस. माझ्या प्रतीच्या पाठीवर मी सलाईनच्या बाटल्यांची यादी केली. यादीचं काम झाल्यावर तो कागद कचऱ्यात गेला. ती टोपलीही त्या दिवशी तूच रिकामी केली असशील.

सहाव्या दिवशी तू भिंतीला धरून उभी होतीस. "डोकं फुटतंय, सिस्टर. अंगात कायतरी शिरल्यागत झालंय." मी तुला तापाची गोळी दिली आणि कमरेत इंजेक्शन टोचलं. मायेने टोचलं, एवढं तरी मला म्हणू दे. कोरोनात मी खोलीत एकटी पडले होते तेव्हा माझी सख्खी जाऊ डबा उंबऱ्याबाहेर ठेवून पळत होती. तू आत आलीस, माझ्या डोक्यावर तेल थापलंस, वेणी घातलीस. तेव्हाही हात उघडेच होते. "मरायचं आसंल तर केस इंचरून मरा, सिस्टर," म्हणालीस. मी जगले. त्याची परतफेड म्हणून मी तुला सुई टोचली, आणि दोन दिवसांनी ती जागा तळहाताएवढी काळीनिळी झाली. तुझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि मला पडद्यावरची गोचीड आठवली. इतक्या उशिरा आठवली.

ॲम्ब्युलन्स आली. मी कपाट उघडलं. ड्रायव्हरला झगा दिला, तुझ्याजवळ बसणाऱ्याला दिला, मी स्वतः घातला. कोणाकडून लेखी घेतलं नाही. तू साडीवर होतीस. स्ट्रेचरवरून आम्हा तिघांकडे बघत तू म्हणालीस, "उगडलं का कपाट?" त्यात टोमणा होता. तू शुद्धीवर होतीस आणि टोमणा मारण्याइतकी जिवंत होतीस, म्हणून मला वाटलं तू वाचशील. मी स्ट्रेचर गाडीत ढकललं. तुझं माझं ते शेवटचं.

चार दिवसांनी नगरहून फोन आला. तुला घरी आणू दिलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पांढरे झगे घातलेल्या परक्या माणसांनी तुला अग्नी दिला. रूपाली फाटकापाशी उभी होती. तुझा चेहरा तिला दिसला नाही. तुझ्या तेराव्याला मी गेले नाही. आम्हा सगळ्यांचा ताप रोज दोनदा मोजत होते, ते कारण मी पुढे केलं. ताप मला एकदाही आला नाही. खरं म्हणजे तुझ्या लेकीसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

मग नगरहून चौकशीला साहेब आले. त्यांनी प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक काढलं. तुझं नाव, पुढे सही. म्हणजे तुला सगळं शिकवलं होतं, तरी तू उघड्या हाताने रक्त पुसलंस. त्यांनी लिहिलं, 'कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा.' मी शेजारी उभी राहून ते वाचलं आणि त्यांना पाणी आणून दिलं.

साहेब आल्याचं कळल्यावर रूपाली तुझी अर्जाची प्रत घेऊन आली. म्हणाली, "आईनं मागितलं हुतं सायेब, लेखी मागितलं हुतं." साहेबांनी अर्ज बघितला, साबणाची यादी बघितली, साडीची बघितली, हजेरीपत्रक बघितलं. सगळीकडे एकसारखी, सफाईदार सही. अर्जावर मात्र वेडीवाकडी अक्षरं आणि लांबलचक रेघ.

"पोच नाही. मजकूर तुझ्या अक्षरात. सही जुळत नाही. हा कागद मागाहून केलाय. चौकशीत खोटा कागद देणं हा गुन्हा आहे, पोरी, कळतंय का?"

"आईचीच सही हाय. माझ्याम्होरं केली."

साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टर, इतकी वर्षं बरोबर काम केलंत. यातली तिची खरी कोणती?"

रूपालीचा चेहरा निवळला. तिला वाटलं आता झालं, सिस्टर आहेत. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

मावशी, मला काय काय आठवलं त्या क्षणी ते तुला सांगते. माझी अजून अकरा वर्षं नोकरी आहे ते आठवलं. मुलाची बारावी आठवली. तुझा कचऱ्यात गेलेला कागद आठवला. तेवढी तू आठवली नाहीस. रूपालीने अर्जाकडे हात केला, पण साहेबांनी तो फाईलला लावून टाकला होता. पोलिसांत द्यायचं की नाही ते पुढच्या खेपेला ठरवू, म्हणाले.

त्यानंतर आपल्याकडे पुन्हा प्रशिक्षण झालं. गोचीड तापाचंच. या वेळी मावश्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या. पडद्यावर तीच ताटाएवढी गोचीड आली, पण कोणी हसलं नाही. आधी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले, रडलेही. खरं रडले, नाटक नव्हतं. खाली बसले, डोळे पुसत होते, तेवढ्यात हजेरीपत्रक आलं. जुन्याच यादीवरून छापलेलं. मी माझ्या नावापुढे झटका मारला, खाली तुझ्या नावापुढे झटका मारला आणि कागद पुढे दिला.

मला कळलंच नाही. कोणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी फाईल लावताना दिसलं. वर आदल्या दिवशीची तारीख, आणि खाली तू, हजर. 'मी काय मेली हाय व्हय?' असं तू विचारलं होतंस ना? तू मेलीस तरी माझा हात थांबला नाही.

ड्रॉवरमध्ये खोडायची पांढरी शाई होती. एक ठिपका दिला असता तर तो कागद तालुक्याला गेला असता आणि मी सुटले असते. बाटलीचं झाकणही उघडलं होतं. वाटलं, कौसामावशीला काय फरक पडतो आता. खरंच तुला काही फरक पडत नव्हता. फरक रूपालीला पडत होता. जे मी इतकी वर्षं केलं, त्याच्यासाठी तुझी लेक ठाण्याची पायरी चढणार होती. झाकण लावलं. ही काही मोठी गोष्ट केली असं समजू नकोस. इतके दिवस तोंड शिवून बसलेल्या बाईला कोणी शहाणी म्हणत नाही.

काल साहेब आले. रूपालीला बोलावलं होतं, तिच्याबरोबर गावातलं कोणी नव्हतं. मी ते हजेरीपत्रक टेबलावर ठेवलं. साहेबांनी तारीख बघितली, तुझं नाव बघितलं, चष्मा काढला.

"हे काय? मयत बाईची सही?"

"माझी आहे. बाकीच्या सगळ्याही माझ्याच. अर्ज तिने माझ्याच हातात दिला होता. मी फेकला."

"मग तिची एकही नाही?"

"एकच आहे. अर्जावरची."

त्यांचा विश्वास बसेना. माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "करून दाखवा." लेकीच्या डोळ्यांदेखत मी तुझी सही एका झटक्यात केली. त्यांनी ती यादीशेजारी धरली. "जुळते," म्हणाले आणि लिहायला लागले. माझ्यावर आता काय येईल ते येईल. येऊ दे.

मग काम अर्धवट नको म्हणून त्यांनी तोच कागद आणि पेन रूपालीपुढे ठेवला. "आता तू कर, आईची सही. अर्जावरच्यासारखी."

रूपालीने पेन उचललं. तिचे हात तुझ्यासारखेच आहेत, आखूड बोटांचे. तिने माझ्या त्या सहीकडे बघितलं. मग पेन टोपण लावून साहेबांकडे परत केलं.

"आईला अक्षरं म्या शिकवली, सायेब. सही तिची तिनं केली. दुसऱ्याची सही मला करता येत न्हाई."